पानसे काका आणि न उतरणारा पॅसेंजर

आमच्या खालच्या मजल्यावरचे पानसे काका जिना उतरताना स्वतःलाच बजावतात, "आस्ते, लेडीज." पायऱ्यांवर त्या वेळी एकही लेडीज नसते. इथं कलकत्त्यात बसमधून एखादी बाई उतरत असली की कंडक्टर ड्रायव्हरला असं ओरडून सांगतो. कडेवर मूल असेल तर "कोले बाच्चा" ही पुस्ती जोडतो. काकांनी हे शब्द असे उचललेत की गॅसवर दूध वर यायला लागलं तरी ते दुधाला "आस्ते, लेडीज" म्हणतात.

काका मूळचे साताऱ्याचे. सरकारी कंपनीत बदलीवर कलकत्त्याला आले आणि निवृत्त झाल्यावरही इथल्या बेहाला भागातच राहिले. काकू गेल्या, मूलबाळ नाही. त्यांचा छंद म्हणजे चौरस्त्यावर हावड्याची बस पकडायची, हावड्याला उतरून एक चहा घ्यायचा आणि त्याच बसनं परत यायचं. "काका, आता मेट्रो झालीय की," असं माझ्या नवऱ्यानं, अमितनं एकदा म्हटलं.

"मेट्रोत कंडक्टर असतो का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग बोलायचं कुणाशी?"

अशा माणसाशी आमचा संबंध जिन्यातल्या हसण्यापुरताच राहिला असता. पण आमची रेवा तीन वर्षांची झाली आणि शी करायची बंद झाली.

डायपर सुटला, सू जमली, आम्ही खुशीत होतो. मग एकदा तिला खडा झाला, दुखलं, थोडं रक्तही आलं. त्या दिवसापासून तिनं ठरवून टाकलं की शी बाहेर येऊ द्यायचीच नाही. कळ आली की पडद्यामागे जाऊन टाचा उचलायची, पायांची कात्री करायची आणि लालबुंद चेहऱ्यानं उभी राहायची. "रेवा, काय करतेयस?" विचारलं की उत्तर यायचं, "किछू ना." पाळणाघरामुळे तिचं अर्धं जग बंगालीत होतं, आणि नकार तर सगळेच.

आम्ही स्टिकर लावले, चॉकलेटं कबूल केली, कमोडवर बसवून कार्टून दाखवलं. सासूबाई पुण्याहून फोनवर एरंडेलाचा आग्रह धरत होत्या. एका सकाळी मी तिच्यावर ओरडले आणि मग आम्ही दोघी रडत बसलो. घरात दुसरा विषयच उरला नव्हता. अमित ऑफिसातून फोन करायचा तो "झाली?" एवढंच विचारायला.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि म्हणाल्या, "हट्टी नाहीये ती, घाबरलीय. दाबून ठेवते म्हणून घट्ट होते, घट्ट होते म्हणून दुखतं, दुखतं म्हणून पुन्हा दाबते." त्यांनी शी मऊ राहायचं औषध दिलं आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका असं बजावलं. जेवणानंतर थोडा वेळ बसवा, पाय लोंबकळू देऊ नका, रागावू नका.

औषधानं शी मऊ झाली. भीती होती तशीच होती. बाथरूमच्या दाराशी रेवा भोकाड पसरायची.

अशाच एका सकाळी काका वर आले. "मृणाल, कोण अडकलंय?"

मला लाज वाटली, पण सांगून टाकलं. काकांनी अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं, खाली गेले आणि एक लाकडी पाट घेऊन आले. पाट कमोडसमोर ठेवून रेवाला म्हणाले, "ही ड्रायव्हरची सीट. पाय इथं ठेवायचे. मी कंडक्टर. बस हावड्याला चाललीय. येतेस?"

"शी नाही करणार," रेवा म्हणाली.

"शीचं कुणी काढलं? बस चालवायचीय."

रेवा चड्डीसकट बसली. काकांनी आमचा मोढा, वेताचं बुटकं स्टूल, दाराबाहेर ओढला आणि तिच्याकडे पाठ करून बसले. "तारातला. माझेरहाट. मोमिनपूर," अशी हाळी सुरू झाली. प्रत्येक स्टॉपवर कोण चढलं ते सांगायचे. मोमिनपूरला कोंबडी घेतलेले गृहस्थ, धर्मतल्याला भांडणारी जावा-जावांची जोडी. रेवा तोंडानं हॉर्न वाजवायची. हावडा आलं की काका उठून घरी जायचे. शी झाली का, हे त्यांनी कधी विचारलंच नाही.

रोज नाश्त्यानंतर बस सुटायला लागली. हळूहळू चड्डी उतरली. मग बसमध्ये एक जाडा पॅसेंजर आला. तो आत बसून कंटाळला होता, पण उतरायला घाबरत होता. "त्याला घाई करायची नाही," काका म्हणाले, "त्याला पाहिजे तिथं उतरेल."

आणि एक दिवस काकांचाच संयम सुटला. आतून कुंथल्याचा आवाज आला आणि ते उत्साहानं ओरडले, "उतरा, उतरा, उतरा." रेवा दचकून उठली, रडत माझ्याकडे आली आणि तिनं पुन्हा घट्ट दार लावून घेतलं, म्हणजे आतलं. पुढचे काही दिवस हाल झाले. पोट फुगलं, जेवण सुटलं, आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे.

काका वर आले ते तोंड पाडून. जमिनीवर बसून रेवाला म्हणाले, "कंडक्टरची चूक झाली. ड्रायव्हर तू आहेस. बस कधी थांबवायची ते तू सांगायचं."

रेवानं बराच विचार केला. "तुम्ही ओरडायचं नाही, दादू." काकांना ती दादू, म्हणजे बंगालीत आजोबा म्हणायची.

"नाही ओरडणार."

नंतर एका रविवारी बस माझेरहाटच्या पुलावर असताना आतून बारीक आवाज आला, "दादू, उतरला."

मी आणि अमित स्वयंपाकघरात पुतळ्यासारखे उभे. काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "बरं," ते म्हणाले, "जागा झाली. चला पुढे."

मग पुष्कळदा उतरला. औषध डॉक्टरांनी सावकाश कमी केलं. रेवा आता आतून दार लोटून घेते आणि "कोणी यायचं नाही" म्हणून दम देते. बस बंद झाली.

काका मात्र नाश्त्यानंतर येतच राहिले. एकदा रेवा पाळणाघरात गेलेली असताना आले, तेव्हा मी ओट्याशी चहा टाकत होते. विचारलं, "काका, पाठ करून बसायचं कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचायचंय काय. मालतीचं, तुझ्या काकूचं, उजवं अंग गेलं ना, तेव्हा तिला संडासला न्यावं लागायचं. मी आत थांबलेलं तिला चालेना. लाजेनं धरून ठेवायची, मग दुखायचं. मग मी दार जरासं उघडं ठेवून बाहेर पाठ करून बसायचो आणि बोलत राहायचो. बाजारात काय आलंय, कोण भेटलं. मी बोलत असलो की तिला मोकळं वाटायचं."

"काकू काय बोलायच्या?"

"बोलणं राहिलं नव्हतं तिचं. हं म्हणायची. तेवढं पुरायचं."

मग काका आज बाजारात पडवळ काय छान आले होते ते सांगू लागले. चहा उकळत होता, माझी पाठ त्यांच्याकडे होती. मी म्हटलं, "हं."

काका पुढे बोलत राहिले.