शिवाण्णांचं यंत्र

आमच्या जळकोटात शिवाण्णा कुणाच्या घरी आले, की उंबऱ्यातून आधी त्यांचं यंत्र आत येतं. गळ्यात दोरीनं अडकवलेली मुठीएवढी पिवळी डबी. विषारी वायू लागला की कोकलते. माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा चुलीच्या धुराला अशी काही कोकलली, की पाहुणे हातातले पोहे टाकून अंगणात पळाले. पुन्हा काही आले नाहीत मेले.

"अहो आण्णा, चुलीचा धूर आहे तो!" मी हात जोडले.

"नाकावर जाऊ नका वैनी. नाक लई बेइमान असतंय."

हे त्यांचं पालुपद. दुसरा नाद कोळशाचा. करवंट्यांचा कोळसा करायचा, पुरचुंड्या बांधायच्या आणि न विचारता शेजाऱ्यांच्या संडासात नेऊन टांगायच्या. "कोळशाचं पोट मोठं. घाण गिळून गप बसतंय." एकटा जीव. यंत्रातला सेन्सर जुना झाला की बदलायला सोलापूरला जातात. स्वतःच्या चष्म्याची काडी मात्र सुतळीनं बांधलेली.

यंदा आमची गोबरगॅसची टाकी तुंबली. सकाळी झाकण काढलं तर सडक्या अंड्यांचा भपकारा. थोड्या वेळानं आमचे हे पुन्हा वाकले, हुंगलं आणि म्हणाले, "वास गेला बघ. उतरतो आता."

शिडी लागली. तेवढ्यात कुंपण ओलांडून आण्णा आले, शिडी उपसून आडवी टाकली आणि तिच्यावर फतकल मारून बसले.

"उठा आण्णा, काय येड्यावानी करताय?" हे खवळले.

आण्णांनी दोरीनं डबी टाकीत सोडली. ती जी कोकलली, ती थांबेचना. यांचा सदरा धरून मी त्यांना मागं ओढलं.

"ह्यो वायू वाढला की पहिलं नाकच मारतोय," आण्णा खाली बघत म्हणाले. "वास जातोय, वायू न्हाय. आमच्या टाकीवर म्याच वाकलो होतो. म्याच म्हणलो, मल्लू, वास गेला, उतर."

मल्लू त्यांचा धाकटा भाऊ. टाकीत गुदमरून गेला, एवढंच गावाला ठाऊक होतं. यांनी नळदुर्गाहून गाळ ओढणारी गाडी मागवली.

दुसऱ्या दिवशी मी धपाटे घेऊन आण्णांकडे गेले. परसात त्यांची जुनी टाकी, कधीचीच मातीनं बुजवलेली. वर सदाफुली वाढलीय. आण्णा तिथं उकिडवे बसले होते, डबी मातीवर टेकवून. मी आलेली त्यांना कळलंच नाही. डबीवरचा आकडा त्यांनी चष्मा सावरून दोनदा बघितला, आणि मातीवरून हात फिरवत हळूच म्हणाले,

"शून्य हाय रं मल्लू. ये आता वर."