मुकुंदराव हिरवे यांनी पदर घेतला त्याची बखर

श्रीगजानन प्रसन्न. नेसणारे सुखी असोत, नेसविणारेही अंमळ सुखी असोत. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाख मासीं, लग्नसराईचे ऐन भरांत, एका वस्त्रराज्यावर परचक्र आलें त्याची हकीकत ऐसी जे:

राज्य म्हणजे साड्यांचें दुकान. धनी श्रीमंत तात्यासाहेब. त्यांचा कायदा एकच कीं गिऱ्हाईक रिकाम्या हातानें जाऊं नये, आणि जो सेल्समन त्यास जाऊं देईल त्यानें गादी सोडून माळ्यावर घड्या घालीत बसावें. माळ्यावर तापलेला पत्रा, पंखा नाहीं, आणि माणसाचें तोंड दिसत नाहीं. गादीवरील जुने सरदार मुकुंदराव हिरवे यांच्या हातून त्या महिन्यांत दोन गिऱ्हाइकें निसटलीं होतीं, म्हणोन तात्यासाहेबांनीं सकाळींच बजाविलें, "मुकुंदा, आता आणखी एक जरी उठून गेलं, तर तू वर." मुकुंदरावांस चार लोकांशीं बोलल्यावांचून अन्न गोड लागत नसे, त्यामुळें माळ्याचें नांव ऐकतांच ते गादीवर आणखी घट्ट बसले.

तों दोन प्रहरीं मालविकाबाई नामें पराक्रमी गिऱ्हाईक नणंदेसह चालून आलें, आणि खुर्चीवर विराजमान होऊन चुटकी वाजवून वदलें, "ए, भारीतलं काढ. उगाच फडकी दाखवू नकोस." मग मुकुंदरावांनीं शालू उलगडिले आणि बाईंनीं नाक मुरडलें, मग कांजीवरम उलगडिल्या आणि बाईंनीं फोनवर जावेशीं बोलतां बोलतां त्या पायाच्या अंगठ्यानें बाजूस सारल्या. येथें मुकुंदरावांस फार लागलें. परंतु माळा आठवून त्यांनीं हंसरें तोंड केलें आणि म्हटलें, "ताई, ही जांभळी बघा, अंगावर खुलेल." बाई म्हणाल्या, "अशी काय कळणार? तू नेसून दाखव." तेव्हां दुकानाच्या रिवाजाप्रमाणें मुकुंदरावांनीं पँटीवरूनच निऱ्या खोंवल्या, पदर घेतला, आणि आज्ञेप्रमाणें चालून दाखविलें, वळून दाखविलें. मग बाई म्हणाल्या, "आता बस त्या खुर्चीवर. बसल्यावर चुण्या कशा पडतात बघू दे. डोक्यावरून घे ना पदर! माणूस आहेस की खुंटी?"

मुकुंदराव गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांच्या चाकरींत ते तेथें कधीं बसले नव्हते. बसतांच पाठीस गादी लागली, डोक्यावर पंखा आला, आणि काय झालें नकळे, त्यांनीं समोरच्या सदाशिव सेल्समनास चुटकी वाजविली आणि गरजले, "ए, याहून बरं काही ठेवता की नाही? का आम्ही दुसरीकडे जाऊ?"

हा आवाज तात्यासाहेबांच्या कानीं पडला. श्रीमंतांचा एक डोळा मोतीबिंदूचा, चष्मा कपाळावर. त्यांस केवळ जांभळा पदर दिसला. आवाज अंमळ घोगरा खरा, परंतु उर्मट आवाज ऐकतांच लवण्याची संवय उभ्या हयातीची. ते धांवत आले आणि कमरेंत वांकून म्हणाले, "वहिनी, रागावू नका. आमची माणसंच बावळट. आल्याचा चहा आणतो, बसा." ऐसें म्हणोन स्वतः आंत गेले, आणि मालविकाबाईंकडे त्यांनीं पाहिलेंही नाहीं.

मालविकाबाई लालबुंद झाल्या. खुर्चीवर कोण बसलें आहे हें त्यांस पक्कें ठाऊक होतें, त्यांनींच तर बसविलें होतें. तरी त्या ताडकन उठून पदरास हात घालत्या झाल्या, "आधी मी आलेय! ही साडी मी आधी बघितलीय! सोड, पॅक कर!" नणंद म्हणाली, "अगं वहिनी, तो दुकानातलाच माणूस आहे ना!" परंतु ऐकतो कोण? साडी बांधली गेली, स्वारी विजयी मुद्रेनें कूच करती झाली, आणि मुकुंदरावांची गादी वांचली.

इतक्यांत तात्यासाहेब कप घेऊन आले. "वहिनी कुठे गेल्या?" मुकुंदराव बोलिले, "कसल्या वहिनी, तात्या? तो मीच होतो. बाईंनी साडी नेली." तात्यासाहेबांनीं चष्मा खालीं ओढून त्यांस न्याहाळलें आणि म्हणाले, "मग आधी सांगायला काय झालं होतं? आलं घातलंय यात!" आणि कप घेऊन माघारीं वळले. शाबास म्हणून नाहीं, बस म्हणून नाहीं. मुकुंदराव सकाळपासून घसा कोरडा करीत होते, त्यांस फार वाईट वाटलें. मग त्यांनीं ढिगांतली एक सुती साडी उचलिली, डोक्यावरून पदर घेतला, खुर्चीवर बसले आणि चुटकी वाजवून म्हणाले, "ओ! चहा कुठंय? किती वेळ बसवून ठेवाल?"

तात्यासाहेब जागच्या जागीं वांकले. "आणला, आणला वहिनी!" कप हातीं दिल्यावर ते भानावर आले, परंतु तोंवर मुकुंदरावांनीं पहिला घोट घेतला होता.

सारांश, त्या दिवसापासून चार वाजले कीं गादीवरील मंडळी आळीपाळीनें पदर घेतात, धन्यास वाटेल तें बोलतात, आणि चहा येतो. एकदां प्रस्तुत लेखकानें पदर न घेतां, नम्रपणें मागून पाहिला. तो अद्याप आलेला नाहीं. बखर समाप्त.