शिफारसपत्रातला एक दोष

आमच्या चुरी सरांनी लिहिलेल्या प्रत्येक शिफारसपत्रात विद्यार्थ्याचा एक दोष असतो. चुकून आलेला नव्हे, मुद्दाम घातलेला. "मुलगा गणितात तरबेज आहे, प्रामाणिक आहे, मात्र सकाळी उशिरा जागा होतो," असं शुद्ध इंग्रजीत टाइप करून, खाली सही ठोकून ते पाकीट बंद करतात. ज्याच्यासाठी हे लिहिलं त्या मुलाची आई स्टाफरूममध्ये येऊन रडली होती. सर शांतपणे म्हणाले, "आळशी असं कुठं लिवलंय? उशिरा जागा होतो, एवढंच लिवलंय. उठतो का लवकर?" डोळे पुसत बाई म्हणाल्या, "नाही."

बोईसरच्या ज्युनिअर कॉलेजात सर केमिस्ट्री शिकवतात आणि मी मराठी. बारावी झाली की परगावच्या कॉलेजांचे अर्ज भरायची एकच धांदल उडते. अर्ज ऑनलाइन असतो, पण काही कॉलेजं शिफारसपत्र आणि कागदपत्रं अजून टपालानेच मागवतात. शिफारसपत्र बंद पाकिटात आणि चिकटवलेल्या जागेवर शिक्षकांची आडवी सही. खरं तर मुलांनी माझ्याकडे यावं. मी सगळ्यांनाच 'अत्यंत गुणी' लिहून देते, माझं काय जातं? पण मुलं जातात सरांकडेच. "खोटं घातलं का पाकीट जड होतं," हे सरांचं पालुपद. पाकीट तळहातावर तोलून दाखवतातसुद्धा.

त्यांची दुसरी अट म्हणजे घर बघितल्याशिवाय पत्र नाही. "पोरगं वर्गात दिसतं तेवढंच नसतं," म्हणतात. सर माकुणसारला राहतात, वाडीतल्या घरात, एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगा समीर कॅनडात स्थायिक झालाय. त्यामुळे रविवार मोकळाच. सर बोईसर स्टेशनला उतरतात आणि पुढची वरात माझ्या स्कूटरवरून निघते. मागे बसून ते माझ्या पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरतात आणि खड्डा आला की हायड्रोजन, हीलियम, लिथियम असं पुटपुटायला लागतात. दुसरं कुणी असतं तर रामनाम घेतलं असतं. आमच्याकडचे रस्ते असे आहेत की सर कधीकधी सव्विसाव्या नंबरच्या लोखंडापर्यंत पोचतात.

एकदा कारखान्यातल्या एका कामगाराच्या खोलीवर गेलो होतो. बापाने भीत भीत विचारलं, "सर, लड़का कैसा है?" सर म्हणाले, "अच्छा है, लेकिन किसी की सुनता नहीं." बाप केवढा खूश झाला! "घर में भी नहीं सुनता, सर!" म्हणून त्याने चहाबरोबर समोसे मागवले. खरं बोलणारा मास्तर भेटला म्हणून असेल, किंवा आपल्यासारखाच गांजलेला कुणीतरी भेटला म्हणून असेल.

या वर्षी पत्र मागायला निकिता तांडेल आली. घिवलीची, मासेमाराची एकुलती एक मुलगी. तिला मत्स्यविज्ञान शिकायचं होतं आणि तेही केरळात. तिच्या बाबांना आधी हसूच आलं. "मासं शिकायला केरळात? मंग आमी इथं काय करतो?" पण पोरगी हट्टाला पेटली होती. सरांनी तिचं घर बघितलं, ओट्यावर बसून पोटभर जेवले आणि पत्र लिहिलं. दोष असा: 'समोरच्याचं उत्तर संपायच्या आत पुढचा प्रश्न विचारते.'

बंद पाकीट तिच्याकडे दिलं. गुणपत्रिकेच्या आणि जातीच्या दाखल्याच्या साक्षांकित प्रती मिळाल्या की सगळं एकत्र पाठवायचं होतं. दाखल्याची प्रत हातात पडेपर्यंत शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी स्पीड पोस्ट गेलं नसतं तर कॉलेजचं दार बंदच.

निकिताबरोबर सर आणि मीही पोस्टात गेलो. खिडकीवरच्या माणसाने पाकीट घेतलं, नाक मुरडलं आणि परत सरकवलं. "मासे टपालाने जात नाहीत."

निकिताचा चेहरा पडला. तिच्या आईने सरांचं पाकीट सुक्या बोंबलांच्या डब्यात ठेवलं होतं. "इथल्या दमट हवेत कागद नरम पडतो, सर. आमच्या घरात तोच एक डबा कोरडा. आईचं सोन्याचं मंगळसूत्रपन त्यातच असतं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

मी म्हटलं, सर, दुसरं लिहा, लेटरहेड आहे ना पिशवीत? शाईचा ठिपका पडला तरी पत्र फाडणारे हे गृहस्थ. त्यांनी पाकीट नाकाशी नेलं आणि बराच वेळ तिथेच धरलं. मग ते फोडलं आणि टाइप केलेल्या मजकुराखाली पेनाने दोन ओळी लिहिल्या. आम्हाला त्यांचा अर्थ सांगितला तो असा: 'या कागदाला सुक्या बोंबलांचा वास येईल. विद्यार्थिनीच्या घरी सर्वांत मोलाच्या वस्तू त्याच डब्यात ठेवतात.' मग नव्या पाकिटात घालून, आडवी सही करून ते खिडकीत सरकवलं. खिडकीवरच्या माणसाने या वेळी श्वास रोखून घेतलं, पण घेतलं.

प्रवेश मिळाला. मेल आली त्या दिवशी निकिताने कॉलेजात पेढे वाटले आणि दोन दिवसांनी डोळे सुजवून परत आली. बाबा नाही म्हणत होते. फी वगैरे सगळं जमत होतं, पण त्यांचं मनच घेत नव्हतं.

आम्ही घिवलीला गेलो. मासेमारी बंदीचे दिवस, होड्या वर ओढलेल्या. तांडेल ओट्यावर जाळं शिवत बसले होते. निकिता आणि तिची आई दाराशी उभ्या.

"तुमच्या पत्रानं केलं, सर," ते मान वर न करता म्हणाले. "एकच पोर हाय. गेली का घर खायला उठंल. तुमी तुमच्या पोराला लांब पाठवलात. खरं सांगा, सवय होते?"

माझा जीव टांगणीला लागला. एवढ्या एका वेळी सरांनी गोड खोटं बोलावं, असं मला अगदी मनापासून वाटलं. मुलीचं सगळं आयुष्य त्या उत्तरावर होतं. होते म्हणा ना, सर. हळूहळू होते म्हणा.

"नाय होत," सर म्हणाले.

तांडेलांनी मान वर केली.

"दिवस कामात जातो. सांजेला कुलूप काढून आत गेलं का पुन्ना पहिल्यासारखंच वाटतं. आयतवारी तर घरात थांबवतच नाय. म्हणून पोरांच्या घरी जातो, पत्राचं निमित्त करून. चार माणसांचं बोलणं कानावर पडतं." सरांनी निकिताकडे बघितलं. "तरी पाठवा तिला. समीरला मीच पाठवला. पुन्ना वेळ आली तरी पाठवीन."

एवढी वर्षं हा माणूस माझ्या मागे बसून मूलद्रव्यं मोजत होता आणि यातलं अक्षरही मला कधी बोलला नव्हता.

तांडेलांनी जाळं बाजूला ठेवलं. दाराकडे बघून बायकोला म्हणाले, "अगो, तिघांची तिकिटं काढायला सांग. आपून दोघं सोडायला जाऊ." मग सरांकडे बघून, "सरांचंपन काढ."

"मला केरळात काय काम?" सर गडबडून म्हणाले.

"जाताना काय नाय. येताना गाडीत आमी दोघंच असू, सर. तवा तुमी पायजे."

सर हो म्हणाले.