दोन शतांशांचं प्रकरण

पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात सिलेंडरच्या भोकांचा व्यास मोजण्याचं काम तीस वर्षं एकाच गृहस्थाकडे होतं, आणि त्यांनी मोजलेला एकही सिलेंडर आजवर परत आला नव्हता. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे शतांश. ड्रॉइंगमध्ये, म्हणजे आराखड्यात, दिलेल्या मापापेक्षा तेवढाही फरक ते खपवून घेत नसत, म्हणून सगळे त्यांना शतांशकाका म्हणत. निवृत्तीला आठ दिवस उरले होते. निरोप समारंभातलं प्रशस्तिपत्र छापून आलं होतं: ‘तीस वर्षं, एकही चूक नाही.’ काकांनी ते चोरून दोनदा वाचलं होतं.

काका घरून निघत ते भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटांनी. घड्याळ काकूंनी दहा मिनिटं पुढे ठेवलेलं, म्हणजे निघायचे बरोबर आठला. हे घरात सगळ्यांना पाठ होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

कामाची पद्धत ठरलेली. मास्टर रिंग नावाचं एक पोलादी कडं, त्याचं भोक नेमकं चाळीस मिलिमीटर. रोज सकाळी बोअर गेज, म्हणजे भोक मोजायचं काट्याचं उपकरण, त्या कड्यात घालायचं, हलकेच पुढेमागे डोलवायचं, काटा जिथून माघारी वळतो तिथे शून्य लावायचं. मग त्या गेजने दिवसभर सिलेंडर मोजायचे, वर, मध्ये, खाली, आडवं नि उभं. पण त्याआधी काका कड्याला पॉलिश लावत आणि फडक्याने आतून घासून घासून लख्ख करत. दुसऱ्या कोणाला ते शिवू देत नसत. डब्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी होती: ‘हात लावू नये.’ कडं दरवर्षी तपासलं जावं असा नियम होता आणि तो कसोशीने पाळला जाई. म्हणजे स्टिकरवाला कारकून येई, चिठ्ठीचा मान राखून डबा न उघडता त्यावर ‘तपासले’ असं स्टिकर डकवी आणि जाई.

यंदा तो कारकून रजेवर गेला. बदली आलेल्या बाईंना पद्धत माहीत नव्हती. त्यांनी कडं खरोखरच प्रयोगशाळेत तपासायला पाठवलं.

अहवाल आला. कडं दोन शतांशांनी मोठं निघालं. खाली कारण दिलं होतं: ‘अति घासल्याने आतून झिजले आहे.’ काकांनी अहवाल दोनदा वाचला. जिवापाड जपलं ते आपणच झिजवलं होतं. आणि कडं मोठं म्हणजे गेजचं शून्य खोटं, आपण सही केलेली भोकंही मोठी. मग इतकी वर्षं पंप चालत कसे होते?

ते सिलेंडरच्या भोकात बसणारे पिस्टन बनवणाऱ्या लेथवाल्याकडे गेले.

“तुम्हाला आत्ता कळलं होय?” तो शांतपणे म्हणाला. “पिस्टन ढिले बसायला लागले, तेव्हापासून मी जाड काढतोय. तुमचं भोक वाढलं की माझा पिस्टन वाढतो.”

“मग मला सांगायचं नाही?”

“शतांशकाकांना चूक कोण दाखवणार? आणि रिपोर्टात तुम्ही लिहिता ड्रॉइंगप्रमाणे, मीही लिहितो ड्रॉइंगप्रमाणे. बिघडलं कुठं?”

बिघडलं दुसऱ्या दिवशी. नवं, अचूक कडं आलं, भोकं तंतोतंत झाली आणि एकही पिस्टन आत जाईना. दुपारपर्यंत जुळणीच्या टेबलावर अर्धवट पंपांचा खच पडला. काकांनी साहेबांकडे जाऊन सगळं कबूल केलं आणि उपायही सांगितला: पिस्टन दोन शतांश बारीक करा, की सगळं खरंच ड्रॉइंगप्रमाणे होईल.

साहेबांनी फाइल चाळली. “पिस्टन तर कागदोपत्री आधीच बरोबर आहेत. बरोबर वस्तू बारीक केली तर ती चुकीची होईल. चुकीला मी परवानगी कशी देऊ?”

समिती नेमली गेली. जुनं कडं असताना पंप चालत होते, नवं आल्यावर अडले; सबब दोष नव्या कड्यात आहे, असं तिने नोंदवलं. प्रयोगशाळेकडून खुलासा मागवला. प्रयोगशाळेने कडं अचूक असल्याचं लेखी कळवलं. त्यावर समितीने ठराव केला की, नवे कडे अचूक असल्याने उत्पादनास अयोग्य आहे. जुने तत्काळ कामावर रुजू करावे. ठरावावर मापतज्ज्ञ म्हणून काकांची सही हवी होती.

काका म्हणाले, सही करणार नाही. जाता जाता निदान एक तरी माप खरं सांगून जाऊ दे. साहेबांनी प्रेमाने समजूत घातली. तसं असेल तर तीस वर्षांचे रिपोर्ट उघडावे लागतील, प्रत्येकावर काकांचीच सही असेल, आणि प्रशस्तिपत्र काही आता पुन्हा छापता येणार नाही. काकांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी सही केली. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सही मात्र नेहमीसारखीच वळणदार आली.

समारंभ झोकात झाला. प्रशस्तिपत्राबरोबर आठवण म्हणून ते अचूक कडं लाकडी चौकटीत बसवून काकांना देण्यात आलं, कारण कारखान्याला त्याचा काही उपयोग नव्हता. जुनं कडं आणि पॉलिशची डबी पुढच्या तपासनिसाच्या हवाली झाली.

घरी आल्यावर काकांनी चौकट घड्याळाखालच्या खिळ्याला अडकवली. थोडा वेळ दोन्हींकडे पाहिलं. मग खुर्चीवर चढून त्यांनी घड्याळ भिंतीवरून काढायला घेतलं.

“हात लावू नका त्याला,” काकू म्हणाल्या. “ते बरोबर केलंत, तर उद्या घरातला प्रत्येक माणूस दहा मिनिटं उशिरा पोचेल.”

“अगं, एक तरी गोष्ट खरी असू दे.”

“सगळं सुरळीत चाललंय. उतरा खाली.”

काका उतरले.

हसताय? हसा खुशाल. फक्त तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघा. मनातल्या मनात आत्ता जी मिनिटं वजा केलीत, त्यांच्या रिपोर्टवर सही कोणाची आहे?