केरबाची शेवटची बिअर आणि कावळा

एका जंगलात बिअरमधलं सगळ्यांना सगळं कळायचं. बनवता मात्र एकालाच यायची. मुलांनो, बिअर म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नाही, असं आपण धरून चालू.

बनवणाऱ्याचं नाव केरबा अस्वल. तो आणि त्याचा धाकटा भाऊ दौल्या एका गुहेत राहायचे. केरबाची पद्धत साधी होती. मोड आणून वाळवलेल्या सातूचा जाडसर भरडा तो फडक्यात बांधायचा आणि गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. पाणी निवू नये म्हणून पातेल्याला गोधडी गुंडाळायचा. धान्याचा गोडवा पाण्यात उतरला की गाठोडं पिळून काढायचा आणि त्या पाण्यात दुकानातून आणलेला सातूचा तयार पाक ओतायचा. मग हॉप्सची कडू फुलं टाकून उकळायचं, गार करायचं, आंबवणारं यीस्ट घालायचं, मोठ्या कॅनमध्ये भरायचं आणि कॅन बंद.

कॅनच्या झाकणातून एक नळी निघायची. तिचं टोक तांब्यातल्या पाण्यात. आत बिअर आंबू लागली की तांब्यात बुडबुडा यायचा. गुडुक.

"गुडुक थांबेपर्यंत हात लावायचा नाही," केरबा सांगायचा.

दौल्या हात लावायचा. केरबा त्याच्या हातावर पळी मारायचा. असं दोघांचं छान चाललं होतं.

जंगलाला बिअर आवडायची, पद्धत आवडायची नाही.

"निम्मा माल दुकानाचा!" कोल्हा म्हणायचा. तो अस्सल बिअर मंडळाचा अध्यक्ष होता. त्याने आयुष्यात पाणीसुद्धा उकळलं नव्हतं. "खरा कारागीर सगळं धान्य स्वतः भिजवतो, केरबा."

"तेवढं मोठं पातेलं नाही ना, साहेब. म्हणून निम्मा पाक. बिअर मात्र पूर्ण आहे. ओतू?"

"ओत."

एकदा थंडीत केरबाने नेहमीसारखा कॅन बंद केला. अंग दुखतंय म्हणून आडवा झाला. तो उठलाच नाही.

सगळं जंगल भेटायला आलं.

"गेला बिचारा," तरस म्हणालं. मग त्याने कॅनकडे पाहिलं. "आत किती असेल?"

दौल्या कॅनजवळ बसून होता. घरात आता कॅनच काय तो बोलायचा. गुडुक. थंडीमुळे सावकाश, पण बोलायचा. दौल्याला वाटायचं, हे चालू आहे तोवर दादा पुरता गेलेला नाही. आणि थांबलं, की दादाच्या हातची शेवटची बिअर तयार. तेवढी तरी नीट व्हावी. म्हणून जन्मात पहिल्यांदा त्याने झाकणाला हात लावला नव्हता.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा समोरच्या फांदीवर बसला आणि शिवेना.

"इच्छा राहिलीय," तरस म्हणालं.

दौल्या पुढे झाला. त्याने हात जोडले.

"दादा, मी नीट वागेन."

कावळा शिवेना.

"दादा, गुहा रोज झाडेन."

कावळ्याने मान फिरवली.

"दादा, सांग ना रे, काय पाहिजे?"

"बिअर," कावळा म्हणाला.

"तुला?"

"मला कशाला? तुझा दादा म्हणतोय. मी फक्त निरोप देतो."

"पण ती अजून गुडुक करतेय."

कोल्ह्याने घसा खाकरला. "आमचे केरबाजी म्हणजे जंगलाचा ठेवा! निम्मं धान्य, निम्मा पाक. काय तो तोल! मी तर पहिल्यापासून सांगत होतो. तू असं कर, तेराव्याला बाटल्या घेऊन ये. आणि फसफसली पाहिजे हं. साखर जरा सढळ घाल."

"दादा म्हणायचा, थांबायचं."

"दादाचा जीव वर लटकलाय आणि तू बुडबुडे ऐकत बसतोस?" तरस ओरडलं. "भाऊ आहेस का वैरी?"

मुलांनो, दौल्या अस्वल होता, दगड नव्हता. तो तडक घरी गेला. त्याने झाकणाला हात घातला. हातावर पळी बसेल म्हणून क्षणभर थांबला.

बसली नाही.

मग त्याने बाटल्या भरल्या. प्रत्येकीत सढळ साखर घातली. बुचं ठोकली आणि लवकर व्हाव्यात म्हणून शेकोटीजवळ मांडल्या. रिकामा कॅन गप्प झाला.

तेराव्याला पुन्हा पिंड ठेवला. समोर उन्हात बाटल्यांची ओळ. कावळा दोन फांद्या खाली उतरून बसला. कोल्हा शाल पांघरून भाषणाला उभा राहिला. भाषण लांबलं. ऊन चढलं.

"केरबाजींकडून एकच गुण घ्यावा," कोल्हा म्हणाला, "तो म्हणजे धी—"

फट्ट!

पहिली बाटली फुटली. तिच्या धक्क्याने दुसरी. मग सगळी ओळच फुटत गेली. काचा उडाल्या, फेस उडाला, तरस पाण्यात पडलं. कावळा दचकून फांदीवरून निसटला आणि चोचीसकट थेट पिंडात आपटला.

सगळ्यांच्या माना पिंडाकडे वळल्या.

"शिवला!" कुणीतरी ओरडलं.

"शिवला! शिवला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कावळ्याने डोळ्यांतला भात काढला आणि मान डोलावली. कोल्ह्याने शालीवरचा फेस चाटला. "शेवटी ऐकलं हं केरबाजींनी. सुटले." मग तो तरसाकडे वळून हळूच म्हणाला, "जेवायला काय आहे?"

सगळे पंगतीला गेले. दौल्या मागे राहिला.

काठावरच्या दगडाच्या खळग्यात थोडा फेस साचला होता. दौल्याने तो बोटावर घेऊन चाटला. नुसता गोड लागला. बिअर व्हायची राहिलीच होती.

त्याने वाकून खळग्याला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

तात्पर्य : मुलांनो, कधीही थांबू नये. थांबणाऱ्याला सगळे भावाचा वैरी म्हणतात. घाई करणाऱ्याचा भाऊ सर्वांदेखत, टाळ्यांच्या गजरात सुटतो. तो कुणापासून सुटला, हे चांगली मुलं पंगतीत विचारत नाहीत.