सोंग घेतलंय ना?

सोसायटीची पाण्याची मोटर आठवडाभर बंद होती. मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, ‘‘बघू, होईल.’’ तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून राणे बाई कडाडल्या, ‘‘चेअरमनचं सोंग घेतलंय ना? मग वठवा!’’ बाईंच्या स्वतःच्या डोक्यावर त्या वेळी पुठ्ठ्याचा मुकुट होता. काढायचा विसरल्या असतील, असं आम्ही एकमेकांना समजावलं.

राणे बाई कात्रपला आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर बालवाडी चालवतात. बालवाडी म्हणजे एक खोली, अकरा मुलं आणि एक लोखंडी पेटी. पेटीत उल्हासनगरच्या शिंप्यांकडून गोळा केलेल्या चिंध्या, ओढण्या, टोप्या आणि बिनकाचांचे चष्मे. मुलं सकाळी पेटीत डोकं घालतात आणि कोणी डॉक्टर, कोणी कोळीण होऊन बाहेर पडतात. फळाही आहे. त्यावर ‘आजची भाजी’ लिहिलेली असते.

बरं, खेळ म्हणावा तर शिस्त पोलिसी. कोळणीने भाव सांगताना लाजायचं नाही. डॉक्टरने रडायचं नाही, रडायचं ते पेशंटने. एकदा झाड झालेला मुलगा पाणी प्यायला पळाला. बाईंनी त्याला परत जागेवर उभं केलं. ‘‘झाड चालतं का रे? कोणाला तरी पाणी घालायला सांग!’’

माझी चार वर्षांची स्वरा वर्षभर वॉचमनच झाली. माझ्या सासऱ्यांना तिने दारात उभं ठेवून विचारलं, ‘‘कुणाकडे जायचंय? सही करा.’’ एबीसीडी मात्र शून्य. समोरच्या नर्सरीतली पोरं पन्नासपर्यंत आकडे लिहितात.

माझे वडील अंबरनाथला कारखान्यात माल उचलायचे. घरातली पहिली पदवी माझी. अक्षरांनी मला इथवर आणलं, त्यांची अशी चेष्टा मला सोसेना. मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, ‘कन्येचे नाव कमी करावे, ही नम्र विनंती’, आणि शाळा सुटल्यावर खाली गेलो.

बाकीची मुलं गेली होती. दारात स्वरा. ‘‘पास?’’

‘‘अगं, बाबा आहे मी.’’

‘‘पास दाखवा.’’

तिला उचलून बाजूला ठेवलं आणि आत गेलो. आत बाईंचे यजमान, राणे काका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात जेवणाचा डबा. काका कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. हल्ली ते आजारी असतात, एवढंच आम्हाला ठाऊक.

‘‘शिफ्ट चुकली,’’ ते म्हणाले. समोर बाई, डोक्यावर पेटीतली खाकी टोपी.

‘‘राणे, आज तुमची रजा आहे,’’ बाई हजेरी लावणाऱ्या टाइमकीपरच्या आवाजात म्हणाल्या.

‘‘अर्ज कुठाय? सही कुठाय? गैरहजर लावतील मला!’’ काकांचे डोळे भरून आले.

बाईंनी माझ्या हातातला कागद पाहिला. ‘‘हा काय अर्ज. साहेब स्वतः आलेत.’’

काकांनी मला नमस्कार केला. मी, हमालाचा मुलगा, खांबासारखा उभा. बाईंनी माझ्या हातात पेन दिलं आणि ओठ न हलवता म्हणाल्या, ‘‘वठवा.’’

मी अर्ज उलटा केला. मागे ‘रजा मंजूर’ लिहिलं, खाली ठसठशीत सही केली. माझ्या वडिलांना अशी सही कधी मिळाली नव्हती. काकांनी दोनदा वाचलं, घडी घालून कागद खिशात ठेवला आणि शांतपणे डबा उघडून जेवायला बसले.

‘‘रोज वेगळं असतं,’’ टोपी काढत बाई हळू म्हणाल्या. ‘‘काल मी त्यांची आई होते. बायकोचं सोंग मात्र बऱ्याच दिवसांत मागितलं नाही त्यांनी.’’ मग एकदम नेहमीच्या आवाजात, ‘‘तुमचं काय काम होतं, स्वराचे बाबा?’’

अर्ज काकांच्या खिशात होता.

‘‘काही नाही. हिला न्यायला आलो होतो.’’

दारात स्वराने पुन्हा हात आडवा केला. ‘‘कोण?’’

‘‘साहेब,’’ मी म्हणालो.

तिने मला खाडकन सलाम ठोकला.