हलका माल

"मला आता एक छोटा, हलका लॅपटॉप घ्यायचाय," सून जेवताना नवऱ्याला म्हणाली आणि समोर बसलेल्या सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

सुनेची अडचण खरी होती. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना ती घरोघरी जाऊन शिकवायची, आणि त्यासाठी लागणारी चित्रं, आवाज, सगळं लॅपटॉपवर. जुन्या धुडामुळे तिचा खांदा पार धरला होता. "ओझं कमी करा, नाहीतर घरोघरी जाणं बंद करा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्या मुलांवर तर तिचा जीव. सासऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांचा जन्म कापडाच्या दुकानात गेलेला. तिथे हलका माल म्हणजे पहिल्या धुण्यात विरणारा! आपली सून हलक्यावर भागवणार, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता लॅपटॉपच्या दुकानात हजर.

"हे बघा आजोबा, एकदम हलके..." विक्रेत्याने सुरुवात केली.

"हलका दाखवलास तर मी चाललो! सुनेसाठी घेतोय. भक्कम काढ."

विक्रेत्याने भक्कम काढला. तो गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेला होता. त्याची बटणं लाल-निळी पेटायची, पंखा मिक्सरसारखा घरघरायचा आणि वजनाच्या बाबतीत त्याने जुन्यालाही लाजवलं असतं.

घरी सासऱ्यांचा चेहरा असा फुललेला, की सुनेच्या तोंडून "छान आहे हो, बाबा!" निघूनच गेलं.

"परत करायचा का?" नवरा खोलीत कुजबुजला.

"खबरदार! किती हौसेने आणलाय त्यांनी."

त्यातही कहर म्हणजे लॅपटॉपने नाव काढलं. तिच्याकडे शिकणाऱ्या एका छोकरीला 'र' काही केल्या येत नव्हता. रेडिओला ती लेडिओ म्हणायची. पंखा घरघरला आणि पोरगी खूश होऊन ओरडली, "घर्रर्रर्र!" तिच्या आईला रडूच फुटलं. "ताई, हाच लॅपटॉप आणत जा हं!" ही बातमी सासऱ्यांनी अख्ख्या इमारतीत पोचवली. आता तो परत करायची सोयच उरली नाही. खांदा मात्र रोज शेकावा लागत होता.

एका सकाळी तिला उशीर झाला, म्हणून सासऱ्यांनी तिची बॅग उचलली. म्हणजे उचलायला गेले. बॅग जागची हलली नाही, तेच कळवळून वाकले.

"दगड भरलेस की काय यात?"

"लॅपटॉप आहे, बाबा."

"हे घेऊन तू हिंडतेस? बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. हलका हवाय म्हणून."

सासरे मटकन खुर्चीत बसले. "अगं, मला वाटलं तू पुन्हा मन मारतेयस. घरात सगळ्यांना चांगलंचुंगलं देतेस आणि स्वतःसाठी काहीतरी कमीतलं मागतेस. म्हटलं, या वेळी तरी..."

सुनेचे डोळे भरून आले. आपल्याकडे इतकं बारीक लक्ष ठेवणारं माणूस घरात आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. दुखरा खांदाही त्या क्षणी तिला गोड वाटला.

संध्याकाळी सासरे पुन्हा दुकानात. "हलका काढ!"

"पण आजोबा, मागे तर तुम्हीच..."

"मागचं सोड!"

एकेक लॅपटॉप पिशवीत घालून, पिशवी खांद्याला लावून त्यांनी दुकानभर फेऱ्या मारल्या. शेवटी वहीएवढा एक पसंत पडला. विक्रेत्याने कुरकुरत तो भक्कम लॅपटॉप परत घेतला खरा, पण हा हलका त्याच्याहून महाग निघाला. "म्हणजे जन्मभर मी धंदा उलटाच केला म्हणायचा," सासरे पुटपुटले.

'घर्रर्र' करायला त्या छोकरीला आता पंख्याची गरज उरली नव्हती. सुनेने नव्या लॅपटॉपची बॅग एका हाताने उचलली, खांद्याला लावली, घरभर फिरून आली. कुठे कळ नाही, काही नाही. उद्यापासून सगळ्या पोरांकडे जाता येणार होतं.

"कसा आहे?" सासऱ्यांनी श्वास रोखून विचारलं.

"बाबा, एकदम भारी!"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चपला पायात सरकवल्या, तिच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि म्हणाले, "राहू दे, पोरी. दुकान अजून उघडं असेल."